ईदेला रजा कशाला?

आखातातून परत आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. कमावलं किती, आणि तिकडं गरम किती होतं? पहिल्याचं उत्तर कुणी खरं देत नाही, आणि दुसऱ्याचं खरं दिलं तरी कुणाला पटत नाही. मग माणूस किस्से सांगायला लागतो. घरात वायरचे तुकडे, जुने नटबोल्ट साठतात ना, टाकवत नाहीत आणि लागतही नाहीत, तसे हे किस्से साठत जातात. माझ्याकडं तर डबा भरून वर आले आहेत.

मी दहा वर्षं कुवेतमध्ये एका एसी मेंटेनन्सच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. आता रहिमतपूरला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिकडं कॅम्पच्या खोलीत आम्ही चौघं. एक मी. दुसरा सांगलीजवळचा अण्णासाहेब, जैन, कांदा-लसणाच्या वासानंही शिंकणारा. तिसरा जत तालुक्यातला बिरू, धनगराचा, घरी दोनशे मेंढरं सोडून आलेला. आणि चौथा दस्तगीर मुलाणी. हा माझ्याच गल्लीतला, भिंतीला भिंत लागून घर. मी गेल्यावर दुसऱ्या वर्षी मीच त्याला तिकडं नेलं. तीन बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहूनच गेलं. घरी अम्मा एकटी.

दस्तगीरची इच्छा फार मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, रमजान ईदेला रहिमतपुरात असावं, अम्माच्या समोर बसावं आणि तिच्या हातचा शिरखुर्मा खावा. ईद ज्या देशात सगळ्यात मोठ्या थाटात होते, त्याच देशात राहून त्याला ईद मिळत नव्हती! आणि त्याला तिकडं नेणारा मी, त्यामुळं प्रत्येक ईदेला मला त्याच्याकडं बघवत नसे.

* * *

आधी माझीच फजिती सांगतो. परत येऊन चार वर्षं झाली, पण शुक्रवारी माझा हात काही शटरला लागत नाही. तिकडं शुक्रवार म्हणजे सुट्टी. उशिरा उठायचं, कपडे धुवायचे, चौघांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि मग घरी निवांत फोन. दहा वर्षं अंगात मुरलेला वार असा जातो होय?

दुकान सुरू केल्यावर पहिल्याच शुक्रवारी शटर बंद. एक गिऱ्हाईक बल्ब मागत घरी आलं.

"मालक, शुक्रवार करताय व्हय?"

आता याला कुवेतपासून कुठं सांगत बसू? म्हटलं, "व्हय."

झालं! गावभर झालं की मी संतोषीमातेचं व्रत धरलंय. पुढच्या शुक्रवारी शेजारच्या काकू गूळ-फुटाणे घेऊन हजर. तेव्हापासून आजतागायत मी शुक्रवारी लोणच्याला हात लावलेला नाही, कारण कुणी बघितलं तर काय सांगायचं?

बायको म्हणते, "तिकडं हुता तवा हिकडच्या सणांसाठी रडत हुता. आता हितं आलाय तर तिकडचा वार पाळताय. आवं, तुमी ऱ्हाताय तरी कुठं नक्की?"



* * *

आमचा सुपरवायझर कुवेती होता, अबू फहद. म्हणजे फहदचा बाप. त्याचं खरं नाव दहा वर्षांत मला कळलं नाही. भुवया जाड, आवाज जाड, आणि दुसऱ्याच्या धर्माबद्दल लहान पोरासारखी उत्सुकता.

तिकडं रमजानात दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमच्यासारख्यांना स्टोअरच्या आतल्या खोलीत दार लावून खायची मुभा होती. बिरूला ते पटेना. "च्यायला, चोरून खान्यापरास उपाशी ऱ्हायल्यालं बरं!" म्हणून त्या गड्यानं पहिल्याच वर्षी अख्खा महिना रोजे धरले. अबू फहद जाम खूश. सगळ्या कंपनीत बिरूचा दाखला द्यायचा.

मला आपलं वाटलं, आपणही कमी नाही हे दाखवावं. पुढं एकादशी आली तेव्हा छाती काढून सांगितलं, "आज माझा उपास आहे."

दहा वाजता मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. बाराला दोन केळी. दोनला बटाट्याचा कीस, वर दही. चारला राजगिऱ्याचा लाडू. अबू फहद येता-जाता बघत होता. सुटायच्या वेळी माझ्या टेबलाशी आला. घड्याळ बघितलं, रिकामा डबा बघितला आणि अगदी काळजीनं विचारलं,

"मग तुझा उपास सुरू कधी होणार?"

* * *

अण्णासाहेबाचा प्रश्न मात्र खरा अवघड. तो सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही. आणि रोजा सोडतात सूर्यास्तालाच! म्हणजे सगळ्यांचं जेवण सुरू होणार त्याच क्षणी याचं बंद होणार.

रमजानात अबू फहद दरवर्षी सगळ्या टीमला घरी बोलवायचा. पहिल्या वर्षी अण्णासाहेब पाहुण्यासारखा भिंतीला टेकून नुसता बसून राहिला. अबू फहदला ते फार लागलं. माझ्या घरी रमजानात माणूस उपाशी? दुसऱ्या वर्षी त्यानं आम्हाला तासभर आधीच बोलावलं आणि अण्णासाहेबापुढं स्वतंत्र ताट मांडलं. खजूर, फळं, खुबूस म्हणजे त्यांची रोटी, ताजं दही. कांद्याचा कणसुद्धा नाही, बायकोला बजावून सांगितलं होतं म्हणे.

समोर पंधरा माणसं पहाटेपासून उपाशी. सगळ्यांच्या नजरा एका ताटावर. अण्णासाहेबानं उचललेला घास परत ताटात ठेवला.

"आवं, ह्यांच्यादेखत कसा खाऊ मी? पाप लागंल मला!"

"खा, खा," अबू फहद म्हणाला. "तोफ झाली की तुझं बंद, आमचं चालू."

तिकडं सूर्यास्ताला तोफ उडते, ती टीव्हीवर दाखवतात. जसजशी वेळ जवळ आली, तसतशी त्या पंधरा उपाशी माणसांना स्वतःची भूक विसरून अण्णासाहेबाचीच काळजी लागली. "अण्णा, सात मिनट!" "अण्णा, केला खाओ, जल्दी!" "अण्णा, पानी, पानी!" एक म्हातारा तर सोललेलं संत्रं हातात धरून त्याच्या तोंडाशी उभा. शेवटचा घोट उतरला आणि तोफ उडाली. सगळ्या दिवाणखान्यानं टाळ्या वाजवल्या!

अण्णासाहेब आता सांगलीला असतो. मागं फोनवर म्हणाला, "रोज दिस मावळायच्या आत जेवतो रं, पन चव न्हाई. कोन घाईच करत न्हाई."

* * *

बकरी ईदेच्या आधी अबू फहद बिरूला मेंढरांच्या बाजारात घेऊन जायचा. धनगर आहे म्हटल्यावर दुसरा कोण पारखी मिळणार? तिकडच्या मेंढराची शेपूट म्हणजे चरबीचा गठ्ठा, चालताना मागं हेलकावे खातो. बिरूनं पहिल्यांदा बघितलं आणि जागीच थांबला.

"आयला, गादी बांधून हिंडतंय व्हय हे?"

पण एकदा दावणीत शिरला की तो आपला राहायचा नाही. दात बघायचा, पाठीवर मूठ फिरवायचा, डोळ्याची पापणी उलटून बघायचा. त्याच्या मागं दहा कुवेती, पांढऱ्या झग्यात. हा नुसता बोट दाखवायचा आणि ते घ्यायचे.

एकदा मीही बरोबर होतो. सगळी पारख झाली, अबू फहद गाडीकडं गेला, पण बिरू कठड्याशी रेंगाळला. इकडंतिकडं बघितलं आणि घरी माळावर मेंढरं बोलवायला देतो तशी जिभेनं टक् असा आवाज काढून लांब हाळी दिली. "हुर्रर्र... ह्याऽऽ!"

त्या कठड्यातल्या शंभर-दीडशे मेंढरांनी एकदम माना वर केल्या.

बिरूनं माझा दंड धरला. डोळे भरून आले होते. "बघितलंस का? सात म्हैन्यांत पयल्यांदा कुणाला तरी माजं बोलनं कळलं गड्या!"

 ईदेला मटण मात्र त्यानं पोटभर खाल्लं, ते काही सोडलं नाही.

* * *

आता रजेची गोष्ट. कंपनीत रजेचा फॉर्म दोन महिने आधी भरायचा, आणि त्यात कारणाचा एक रकाना. दस्तगीरनं पहिल्या वर्षी लिहिलं, 'ईद'. आठवड्यानं ऑफिसातून फॉर्म परत आला. शेरा होता, 'ईदेला सुट्टी आहेच. मग रजा कशाला?'

दुसऱ्या वर्षी त्यानं नीट समजावून लिहिलं की सुट्टी आहे, पण घर लांब आहे. पुन्हा परत, तिसऱ्या वर्षीही तसंच. ईदेला सगळी कुवेती घरं पाहुण्यांनी भरलेली, एसी बंद पडला तर? एक तरी चांगला मेकॅनिक हजर पाहिजे. आणि दस्तगीरएवढा चांगला मेकॅनिक कंपनीत दुसरा नव्हता. हुशारीची अशी शिक्षा मी दुसरीकडं बघितली नाही.

आमचं मात्र 'दिवाळी' लिहिलं की दुसऱ्या दिवशी मंजूर! तुमचा मोठा सण, जा, आईला भेटून या.

चौथ्या वर्षी दस्तगीरनं काय करावं? कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलं, 'दिवाळी'.

अबू फहदनं त्याला समोर बोलावलं. "नाव दस्तगीर. नमाज पाच वेळा. आणि दिवाळी?"

"साहब, हमारी गली में सबकी होती है."

मंजूर!

तेव्हापासून दस्तगीर दिवाळीला घरी येऊ लागला. पोरांबरोबर किल्ला करायचा, चकल्या हाणायचा, भाऊबीजेला माझ्या बहिणीकडून ओवाळून घ्यायचा. अम्मा गल्लीत सांगायची, "लोकांच्या लेकी दिवाळीला येत्यात, माजा ल्योक येतोय." सगळे हसायचे, तीही हसायची. पण निघताना दर वेळी विचारायची, "ईदेला न्हाई व्हय जमायचं?"

* * *

तिकडची त्याची एक ईद मी कधी विसरणार नाही. सकाळी नमाज पढून आला, अम्मानं पाठवलेल्या हातशेवयांचा शिरखुर्मा केला. दहा वाट्या ट्रेमध्ये मांडल्या, वर धुतलेला रुमाल झाकला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. रहिमतपुरात त्यांच्या घरून चाळीस घरी वाट्या जायच्या. पहिली आमच्याकडं.

डावीकडच्या खोलीत केरळचे, त्यांचीही ईद. उजवीकडं पाकिस्तानी, त्यांचीही ईद. समोर बांगलादेशी. जो तो स्वतःचीच वाटी घेऊन बाहेर आलेला!

"सगळ्यांचीच ईद हाय रं," दस्तगीर म्हणाला. "मग द्यायचा कुनाला?"

 मग त्यानं आमच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि ठोठावलं. स्वतःच्याच खोलीचं!

बिरूनं दार उघडलं. "आरं, किल्ली हरिवली का काय?"

"मुलान्याच्या घरनं आलोय. अम्मानं वाटी दिलीया, ईदेची."

आम्ही तिघं उठून उभे राहिलो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दोन्ही हातांनी वाट्या घेतल्या, "बसा की, च्या घ्या" वगैरे सगळं शेजाऱ्यासारखं बोललो. अण्णासाहेबानं वाट्या रिकाम्या करून धुतल्या आणि प्रत्येकीत चमचाभर साखर घालून परत दिल्या. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, एवढी रीत सगळ्यांना ठाऊक. दस्तगीर तो साखरेचा ट्रे घेऊन बाहेर गेला, तो अर्धा तास आत आला नाही.

* * *

मी परत यायच्या आधीच्या वर्षी पाडवा आणि पहिला रोजा एकाच दिवशी आले. गुढी उभारायची तर काठी कुठली? दस्तगीरनं एसीचा तांब्याचा पाईप आणला. त्यावर अण्णासाहेबाच्या घरून आलेला खण, बिरूचा पितळी तांब्या, साखरेची गाठी आणि कंपनीच्या गेटवरचा कडुनिंब. रोजा धरलेला दस्तगीर खुर्चीवर चढून गुढी बांधतोय, आणि दारात अबू फहद!

सगळे गारठलो. खोलीत असलं काही चालतं का, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यानं गुढीला एक फेरी मारली, खणाला हात लावला, निंबाचा वास घेतला.

"लग्न कुणाचं?"

"शादी नहीं साहब, नया साल."

"मुबारक," तो म्हणाला. मग पाईपवर बोटानं टकटक केली आणि माझ्याकडं वळला. "संध्याकाळी परत ठेव. उद्या शाळेच्या एसीला हाच लागणार आहे."

* * *

आणि ही गेल्या वर्षीची.

फेब्रुवारीत दस्तगीरचा फोन आला. आवाज फाटलेला. "मंजूर झाली! ईदेची रजा मंजूर झाली!" या वेळी त्यानं कारणाच्या रकान्यात 'ईद' लिहिलंच नव्हतं, 'अम्मा' लिहिलं होतं. अबू फहदनं वाचलं आणि काही न विचारता सही केली.

त्याचा हिशोब पक्का होता. तिकडं चंद्र आपल्या एक दिवस आधी दिसतो, म्हणून कुवेतची ईद झाली की दुसऱ्या दिवशी आपली. "तिथली नमाज पढून दुपारचं इमान धरतो. रातची सातारा गाडी. सकाळी हजर, ऐन ईदेला! तिथं कुनाकडं गोडाला शिवनार न्हाई बघ मी. पयला घास अम्माच्या हातचा. आन तिला सांगू नको, अजाबात न्हाई."

मी कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा.

नेमका त्या दिवशी, म्हणजे कुवेतच्या ईदेला, आपल्याकडं पाडवा. मी सकाळी गुढी उभी करतोय तर अम्मा हातात झाकलेली वाटी घेऊन दारात. शिरखुर्मा!

"अम्मा, ईद उद्या हाय," मी म्हणालो.

"व्हय रं बाबा, उद्याच हाय. गरम हाय तवर खा. वाटी सावकाश दे," म्हणाली आणि दुसऱ्या घरी निघाली. गुडघे धरत, एकेक पायरी बघत.

बायको हळूच म्हणाली, "वयामुळं दिस कळंना झालाय त्यास्नी. रोजंबी एक दिस आदीच धरत्यात. तुमी तिकडं हुता तवापासनंच हाय हे. मौलवींनी दोनदा सांगून बघितलं. व्हय व्हय म्हनत्यात आन आपलंच करत्यात."

मला वाईट वाटलं. म्हटलं, बरं झालं, आता दस्तगीर येतोय. उद्या त्याच्यासाठी पुन्हा करेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा. दस्तगीर उतरला. केस पांढरे झालेले, हातात एक बॅग, अंगावर इस्त्रीचा नवा सदरा. तो त्यानं रात्री गाडी जेवायला थांबली तिथं बदलला होता. वाटेत सारखा विचारत होता, "चंद्र दिसला ना रं काल? नक्की दिसला ना?"

गल्लीत शिरलो तर नव्या कपड्यातली पोरं, अत्तराचा वास, नमाजाला निघालेली माणसं. जो तो दस्तगीरला बघून थांबत होता. त्यानं बोट ओठावर ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

अम्मा दारात बसली होती. अंगावर रोजचंच लुगडं, मांडीवर सूप, चष्मा लावून तांदूळ निवडत होती. शिरखुर्म्याचं मोठं पातेलं घासून उन्हात पालथं घातलेलं.

"अम्मा!"

तिनं सूप खाली ठेवलं. उठता येईना, तर तोच वाकला. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नुसतं बघत राहिली. मी रस्त्याकडं तोंड केलं, मला रडू आवरेना.

"ईद मुबारक, अम्मा! काढ वाटी. कालपास्नं गोडाला शिवलो न्हाई मी. हितं येऊन खायाचं म्हनून."

अम्माचे हात त्याच्या गालावर तसेच राहिले.

"काल... काल तू खाल्लं न्हाईस?"

"काल कशाला खाऊ? आज हाय की ईद! गल्ली बघ की समदी."

अम्मानं गल्लीकडं बघितलं. मग पालथ्या पातेल्याकडं.

"ती गावाची रं," ती म्हणाली. "आपली काल झाली."